चादरीचं दुसरं टोक

ती आईबापांची एकुलती एक, तरी तिच्या क्षेत्रातले लोक तिला 'जुळी' म्हणत. तोंडावर जुळीबाई, पाठीमागे नुसतं जुळी. तिला दोन्ही चालत. ती जे करायची त्याला बाकीचे साधना म्हणत, शोध म्हणत. एका पत्रकात तर 'देहाचा यंत्राशी संवाद' असं छापून आलं होतं. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. ते वाचून त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "म्हणजे मी दिवसभर करतो तेच ना?" ती स्वतः आपल्या कामाला धंदा म्हणे.

धंदा असा. काळ्या भिंतींच्या खोलीत माणसाएवढा उंच पडदा, पडद्याशेजारी कॅमेरा. कॅमेऱ्यासमोर जुळीबाई जे करील, ते एक यंत्र अर्धं मिनिट पोटात धरून ठेवी आणि मग पडद्यावर सोडी. म्हणजे आत्ताची बाई इकडे आणि अर्ध्या मिनिटापूर्वीची बाई तिकडे. तिकडचीला ती 'मागली' म्हणे. मागलीशी ती बोले, भांडे, रुसे, आणि मुख्य म्हणजे तिच्याबरोबर चादरीची घडी करी. चादर मोठ्या पलंगाची, पांढरी, एकट्या माणसाला कधी धड घडी न घालता येणारी. आधी कॅमेऱ्याकडे तोंड करून दोन टोकं ताणायची आणि म्हणायचं, "नीट धर." मग वळून चादरीची पलीकडची बाजू उचलायची आणि थांबायचं. पडद्यावर मागली उगवायची, तीच टोकं ताणायची, त्याच फणकाऱ्याने म्हणायची, "नीट धर." मग इकडची म्हणायची, "धरलंय की! तूच ओढतेस." बघणाऱ्याला वाटे, एकच चादर अर्धी पडद्याच्या आत आहे आणि अर्धी बाहेर. खेळाचं नावच 'चादर'. लोक पहिल्यांदा हसत, मग हसायचे थांबत, आणि घरी गेल्यावर आपापल्या कपाटासमोर उभे राहून विचारात पडत.

तारा, दिवे, बटणांची पेटी हे सगळं खातं गेल्या काही वर्षांपासून मोठ्या नणंदेकडे. नणंदेचं आयुष्य टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. कुणाची लाइन कुणाला जोडायची हे तिच्या बोटांतच होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसून भावाच्या पेशंटांची तोंडं मोजण्यापेक्षा बरं, म्हणून ती वहिनीबरोबर निघाली, आणि दोन लोखंडी ट्रंका, एक पडदा आणि एक वहिनी घेऊन गावोगाव फिरली. दोघींचं पटे का? तर पटे. एकमेकींचं कमी काय आणि जास्त काय, हे दोघींना पाठ होतं. दोघी ते अधूनमधून बोलूनही दाखवत, त्यामुळे मनात काही शिल्लक राहत नसे.

जुळीबाईचा नियम एकच: रेकॉर्डिंग करायचं नाही. यंत्राने अर्धं मिनिट धरावं आणि विसरावं. तीस वर्षांत 'चादर'चा एकही प्रयोग कुठे साठवलेला नव्हता. ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला, आणि ज्यांनी पाहिला नाही ते जास्त छातीठोकपणे त्याबद्दल बोलत. जुळीबाईच्या नावलौकिकाचा निम्मा भाग असा न पाहणाऱ्यांनीच उभा केला होता आणि तिला ते माहीत होतं.

आता एका कलाकेंद्राने बोलावलं होतं. तळमजल्यावरची काळी खोली, दोन वर्षांसाठी, रोज एक प्रयोग. केंद्राच्या संचालिकाबाई नीटनेटक्या, हसऱ्या आणि हसता हसता माप घेणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मुद्द्याला हात घातला होता.

"मॅडम, खोली तुमचीच समजा. पण मला वाटतं आपण एकदा उत्तम रेकॉर्डिंग करून घ्यावं आणि तेच लावावं. माणूस म्हटलं की आजारपण आलं, रजा आली, रागलोभ आले."

"रागलोभच तर दाखवते मी," जुळीबाई म्हणाली. "आणि तुमचं रेकॉर्डिंग लावून बघा ना एकदा. तिसऱ्या वाक्याला लोक चुळबुळ करतील. लोकांना नाही कळलं तरी मला कळेल. मी डोळे मिटून सांगेन, पडद्यावरची जिवंत आहे की मेलेली."

"असं?" संचालिकाबाई म्हणाल्या. "मग एक प्रयोग करा. निवडक लोकांसमोर, भर दुपारी. नंतर ठरवू."

जुळीबाई बेफिकीर दिसत होती, पण या खोलीवर सगळं अडलं होतं. नणंदेने बजावून ठेवलं होतं, "वहिनी, हे शेवटचं. खोली मिळाली तर मी मरेपर्यंत बटणं दाबीन. नाही मिळाली तर ट्रंका तू उचल. माझी कंबर काही तुझ्या कलेच्या नावाने लिहून दिलेली नाही." आणि नणंदेशिवाय 'चादर' नाही, हे जुळीबाई मनात कबूल करी. तोंडाने नव्हे. तोंडाने कबूल केलं असतं तर वन्सं महिनाभर सुसह्य राहिल्या नसत्या.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. प्रयोगाचा तोच राखाडी सदरा, तीच चादर, तेच दिवे. तालीम झाल्यावर नणंद पेटीशी काहीतरी करत मागे राहिली. जुळीबाईने विचारलं तर म्हणाली, "सैल तारा बघतेय, तू हो पुढे." जुळीबाई पुढे झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली भरली. पहिल्या रांगेत संचालिकाबाई, मांडीवर छोटी वही. त्यांच्या शेजारी एक म्हातारे समीक्षक, ज्यांच्या एका वाईट लेखाने भल्याभल्यांची झोप उडे आणि जे स्वतः प्रयोगांना जाऊन उत्तम झोपत. मागे चित्रकार, शिक्षक, दोन वास्तुरचनाकार, कुणाच्या तरी सासूबाई. जुळीबाईला काम करता करता प्रेक्षकांचा हिशेब मांडायची खोड होती: खोकला कुणाचा, खुर्ची कुणाची करकरली, कुणी घड्याळ पाहिलं, कुणी शेजाऱ्याच्या कानात काय सांगितलं. खोकला नावे, शांतता जमा. प्रयोग संपेपर्यंत तिला शिल्लक कळलेली असे.

आज सगळं जमेलाच पडत होतं. समीक्षक जागे होते. खोलीत चिटपाखरू हलत नव्हतं. "नीट धर," मागली म्हणाली. "धरलंय की! तूच ओढतेस," जुळीबाई म्हणाली, आणि मागच्या सासूबाई फसकन हसल्या. पुढे चादर निम्मी झाली, दोघी जवळ आल्या, आणि मागली खालच्या आवाजात म्हणाली, "तुला आठवतं का गं, आपण कधीपासून भांडतोय?" तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. जुळीबाई मनात म्हणाली, वा! आज मागली फॉर्मात आहे.

आणि तिला शिंक आली.

साधीसुधी नव्हे. भिंतींवरून परत येणारी, अंबाडा सुटेल अशी. प्रेक्षक दचकले, पण जुळीबाई खूश झाली. तीस वर्षांत असे अपघात तिने जपून वापरले होते. उचकी, ठेच, एकदा चपलेचा तुटलेला अंगठा. जे इकडे होई ते अर्ध्या मिनिटाने तिकडे होणारच, आणि तेवढ्यात तिने काहीतरी चांगलं उत्तर तयार ठेवलेलं असे. आताही तिने सावकाश खिशातून रुमाल काढला, पडद्याकडे वळली आणि शिंकेची वाट पाहत उभी राहिली. वेळ झाली. तिने रुमाल पुढे केला आणि मोठ्या मायेने म्हणाली, "घे. आणि जरा जपत जा गं."

मागली शिंकली नाही. मागली शांतपणे चादरीवरची सुरकुती झटकत होती.

लोक हसले. त्यांना वाटलं, न शिंकलेल्या बाईला रुमाल देणं हाच विनोद असावा. जुळीबाईने मात्र रुमाल खिशात कोंबला. तिने बाजूच्या टेबलावर हाताने जोरात थाप मारली आणि थांबली. अर्धं मिनिट गेलं. पडद्यावर कुणी थाप मारली नाही. मागलीचा अंबाडा जागच्या जागी, आणि इकडचीचा मानेवर लोंबत होता.

तिने कोपऱ्यात पाहिलं. नणंद बटणांच्या पेटीवर हात ठेवून बसली होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू अख्ख्या गावाचे फोन तिने भलत्याच घरी जोडले आहेत.

जुळीबाईला सगळं एका क्षणात कळलं. पडद्यावर होती ती कालच्या तालमीतली. वन्संनी काल चोरून रेकॉर्डिंग केलं होतं, ते लागतंय का हे पाहिलं होतं, आणि पेटी परत कॅमेऱ्यावर आणायला विसरल्या होत्या. चूक फक्त त्यांच्या हातूनच होऊ शकली असती आणि फक्त इथेच लपू शकली असती. तीस वर्षं तेच शब्द, त्याच श्वासाला, त्याच पावलाला बोलणाऱ्या बाईचा काल तिच्या आजवर बेमालूम बसला होता. आणि तिला, डोळे मिटून सांगणारीला, डोळे उघडे असून कळलं नव्हतं. उलट फॉर्मात आहे म्हणून शाबासकी दिली होती.

नणंदेचं बोट बटणाकडे सरकलं. एक दाबलं की कॅमेरा सुरू, कुणालाही काही न कळता प्रयोग पुढे. जुळीबाईने मान हलवून 'नको' म्हटलं.

"ताणून धर," पडद्यावरची म्हणाली.

जुळीबाईने चादर खाली ठेवली.

"असंच करतेस तू नेहमी," पडद्यावरची म्हणाली, कारण काल तिथे तेच वाक्य होतं. "हात नुसता लावायचा."

"मी सोडलीच," जुळीबाई म्हणाली. हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं. "तू कालची आहेस ना? काल दुपारची. तुला वाटतंय मी तिथेच उभी आहे. मी इकडे आहे बघ." आणि ती चार पावलं बाजूला जाऊन एका रिकाम्या खुर्चीवर, थेट प्रेक्षकांत, जाऊन बसली.

पडद्यावरची रिकाम्या जागेकडे बघून गोड हसली. काल त्या जागी हसायचं होतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं, आणि मग खोलीला समजत गेलं. पडद्यावरची आपल्या वेळेवर रागावत होती, विनवत होती, चादर ओढत होती, आणि इकडची तिला उत्तरं देत होती. कधी लागू पडत, कधी साफ हुकत. "आज सकाळपासून माझा गुडघा धरलाय, तुझा बरा होता काल." "तुला सांगू का, उद्या तुला शिंक येणारे." शेवटी शेवटी जुळीबाई उठली, चादर उचलली आणि कालचीला गाठायला धावली. दोन वाक्यं गाठली, तिसरं निसटलं, घडी तिरकी झाली. पडद्यावरच्या बाईने नीटनेटकी चौकोनी घडी छातीशी धरून नमस्कार केला. इकडच्या बाईच्या हातात बोचकं होतं. टाळ्या बराच वेळ थांबेनात.

मागच्या छोट्या खोलीत नणंदेने दार लावून घेतलं.

"वहिनी, मार मला."

"कुणी सांगितलं होतं रेकॉर्ड करायला?"

"संचालिकाबाईंनी. म्हणाल्या, कॅमेरा ऐन वेळी बंद पडला तर हाताशी असू दे, मॅडमना सांगू नका, चिडतील. मला वाटलं, खोली मिळतेय, कशाला घोळ घालायचा. चाळीस वर्षं लाइनी जोडल्या गं, एक चुकीची नाही. आणि आज…" तिने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलली. "पण ऐक. त्यांना वाटतंय तू हे ठरवून केलंस. सगळे तेच म्हणतायत बाहेर. तू गप्प बस. नुसतं हस."

जुळीबाई आरशासमोर अंबाडा बांधत विचार करू लागली. ठरवून केलं म्हणावं, तर उद्या त्या म्हणतील तेच पुन्हा करा, तीच शिंक, तोच रुमाल, आणि पडद्यावर जन्मभर तेच एक रेकॉर्डिंग. चूक झाली म्हणावं, तर तीस वर्षांचा बोलबाला गेला. अर्धा प्रयोग मेलेली बाई जिवंत म्हणून खपली आणि विकणारीलाही पत्ता नव्हता. दोन्हीकडे खोट. पण खोट कुठे आहे हे कळलेल्या माणसाला ती चांगल्या भावाने विकताही येते, असं तिला वाटलं, आणि तिने शेवटची पिन खोचली.

"चला वन्सं."

"मी कशाला?"

"लाइन तुम्ही जोडलीत ना? मग बोलणं संपेपर्यंत थांबा."

संचालिकाबाईंच्या खोलीत समीक्षक आधीच बसले होते आणि उत्साहात होते.

"उत्तरार्ध मला जरा गमतीचा वाटला," ते म्हणाले. "पण पूर्वार्ध! पडद्यावरच्या त्या प्रतिमेत श्वास होता हो. यालाच मी जिवंत कला म्हणतो."

"तो श्वास कालचा होता," जुळीबाई म्हणाली. "सुरुवातीपासून रेकॉर्डिंग लागलं होतं. चुकून. मला शिंक आली तेव्हा कळलं."

समीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे. "म्हणजे म्हातारं कोण झालं म्हणायचं? माझी नजर की तुमची कला?"

"दोन्ही नाहीत. मीसुद्धा फसले. तुम्ही निदान खुर्चीत होतात."

संचालिकाबाई मात्र आनंदल्या होत्या, आणि तो आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "मग मॅडम, माझंच म्हणणं खरं ठरलं की! रेकॉर्डिंग चालतं. लोक रडले सुद्धा."

"रडले. ते मी तुमच्या बाजूला मांडते," जुळीबाई म्हणाली. "आता माझ्या बाजूचं ऐका. शिंकेच्या आधी तुम्ही वहीत लिहीत होतात. शिंकेनंतर तुमचं पेन खाली पडलं, ते अजून तिथेच आहे."

संचालिकाबाईंनी नकळत हातात पाहिलं.

"मला तीस वर्षं वाटत होतं, रेकॉर्डिंग म्हणजे मढं," जुळीबाई पुढे म्हणाली. "ते चूक होतं. कालची बाई काही मेलेली नव्हती. चांगली होती, माझ्याहून टापटीप होती. फक्त तिला आज माहीत नव्हता. तेवढंच पाहण्यासारखं आहे. तेव्हा माझं म्हणणं असं: रोज रेकॉर्ड करायचं. आजचा प्रयोग कालचीबरोबर, उद्याचा आजचीबरोबर. वापरलं की पुसलं. रेकॉर्डिंगची एकच जुनी चकती दोन वर्षं फिरवायची नाही."

"आणि तुमचा नियम?"

"माझा होता. मी मोडला. तुम्ही माझ्या नणंदेला गुपचूप मोडायला लावलात, ते मात्र बरं केलं नाहीत."

नणंद खाली बघत होती. संचालिकाबाईही खाली बघू लागल्या. समीक्षक मजेत दोघींकडे आळीपाळीने पाहत होते.

"तुमच्या जागी मीही तेच केलं असतं," जुळीबाई म्हणाली, "म्हणून फक्त भरपाई मागते. बाहेरच्या पाटीवर दोन नावं. माझं आणि यांचं. एकाच आकाराची अक्षरं."

"अगं, माझं कशाला…" नणंद पुटपुटली, आणि मग तिला वाटलं की आपलं खरंच ऐकलं जाईल, म्हणून चटकन गप्प झाली.

संचालिकाबाईंनी वही उघडली आणि मिटली. त्यांच्या मनातला काटा कुठे अडलाय हे जुळीबाईला दिसत होतं.

"आणि एखाद्या दिवशी तुम्ही आजारी पडलात तर?"

"तर कालची एकटीच उभी राहील. एक टोक धरून. दुसरं जमिनीवर. बघू दे लोकांना."

"आणि लोक उठून गेले तर?"

"तर तुम्ही मला हाकला."

संचालिकाबाई हसल्या. या वेळी माप न घेता. "खोली एक तारखेपासून लागेल का पंधरापासून?"

खोली मिळाली, ट्रंका माळ्यावर गेल्या, आणि पाटीवरची दोन नावं रोज सकाळी नणंद स्वतःच्या रुमालाने पुसू लागली. जुळीबाईचं नावही पुसे, पण आपलं झाल्यावर. खेळ रोज वेगळा होई. कालची वैतागलेली असली तर आजचीला तिला सांभाळून घ्यावं लागे. काल उगाच लाडात आलेली असली तर आज तिची लाज वाटे. काही दिवस साफ फसत. त्या दिवसांबद्दल जुळीबाई घरी जेवताना बोलत नसे, आणि नवरा शहाणा होता, तो फक्त मीठ पुढे करी.

मग एके दिवशी तिला सणकून ताप भरला. उठून चप्पल घालायला लागली तेव्हा नवऱ्याने चप्पल उचलून घराला लागूनच असलेल्या आपल्या दवाखान्यात नेऊन ठेवली. ती पलंगावर पडून घड्याळाकडे बघत राहिली. आता पडदा लागला असेल. आता कालची म्हणाली असेल, नीट धर. आता पहिली खुर्ची करकरली असेल.

फोन वाजला. नणंद होती, कुजबुजत.

"वहिनी, ऐक. लोक उठलेच नाहीत."

"एकटीला बघतायत?"

"सुरुवातीला बघत होते. मग एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील, हातात भाजीची पिशवी. पिशवी खुर्चीवर ठेवली, पुढे आल्या आणि चादरीचं टोक उचललं."

जुळीबाई उठून बसली. "कोण बाई?"

"मला काय माहीत! तुझी कालची म्हणाली, नीट धर. तर या म्हणतात, 'धरते बाई, एवढं ओरडू नकोस.' अख्खी खोली हसली."

"माझं वाक्य तसं नाहीये."

"अगं, ते त्यांचं वाक्य आहे."

जुळीबाईला ताप होता, त्यात हे. आपल्या जागी कुणी परकी बाई उभी आहे, आपल्याच तोंडाकडे बघतेय, आणि लोक हसतायत. तिने उशीला कोपर मारलं. मग तिच्यातली धंदेवाली जागी झाली.

"कसं धरलंय तिने?"

"वाकडं. एक हात वर, एक खाली. पण सोडत नाहीये."

"बोलतेय का?"

"बोलतेय. तुझी ती म्हणाली ना, आपण कधीपासून भांडतोय, तर त्या बाई थांबल्या. मग म्हणाल्या, 'बहीण गेल्यापासून माझ्याशी भांडायलाच कुणी नाही.' आता खोलीत कुणी हसत नाहीये."

बाहेर दवाखान्यातून नवऱ्याच्या दात कोरायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"वहिनी? आहेस ना?"

"वन्सं, कॅमेरा चालू आहे का?"

"कॅमेरा कशाला? तू इथे नाहीस तर…"

"चालू करा. आत्ताच्या आत्ता. तिच्यावर लावा, माझ्या जागेवर नको, ती जिथे उभी आहे तिथे. हात दिसले पाहिजेत."

फोनमधून बटणाचा खटका ऐकू आला.

"लागला," नणंद म्हणाली. "पण हे कशाला गं?"

"म्हणजे काय! उद्या मला तिच्याबरोबर घडी घालायचीय," जुळीबाई म्हणाली आणि पांघरूण फेकून नवऱ्याकडे तापाची गोळी मागायला निघाली.